राखेवरची भाऊबंदकी

इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेटप्रेमींमधल्या चुरशीबद्दल लिहिताना ‘मैत्रीपूर्ण’ हे विशेषण इतक्या सवयीने लावलं जातं, की त्याचा अर्थ काय हे विचारायचं राहूनच जातं. ॲशेस मालिका आली की दोन्हीकडची वर्तमानपत्रं एकमेकांची टर उडवतात, स्टँडमधून गाणी सुरू होतात, समोरच्या गोलंदाजाच्या कुवतीपासून त्याच्या पूर्वजांच्या चारित्र्यापर्यंत सगळं निघतं. आणि संध्याकाळी तीच माणसं एकाच पबमध्ये शेजारी बसलेली दिसतात. हे सगळं मैत्रीपूर्ण आहे असं म्हणून आपण मोकळे होतो. पण मग २०२३ साली लॉर्ड्सवर जे घडलं ते काय होतं? आणि १९३३ साली ॲडलेडला पोलिसांचे घोडे का आणावे लागले?

या लेखात मला सामन्यांबद्दल लिहायचं नाही, सामन्यांभोवती तयार झालेल्या बोलण्याबद्दल लिहायचं आहे. गेली सव्वाशे-दीडशे वर्षं या दोन देशांच्या प्रेक्षकांनी टोमणे, गाणी, फलक, सोंगं, खोट्या बातम्या असं भरपूर वाङ्मय निर्माण केलं आहे. ते कुणी छापून ठेवत नाही, पण ते लोकवाङ्मय आहे आणि लोकवाङ्मयासारखीच त्याची समीक्षा करता येते. कुठला टोमणा चांगला, कुठला वाईट, आणि कशामुळे, हे सांगता येतं. त्यासाठी सुरुवात अर्थातच राखेपासून करावी लागेल.

*

२९ ऑगस्ट १८८२. लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडला जिंकायला फक्त ८५ धावा हव्या होत्या. सगळा संघ ७७ धावांत गारद झाला. फ्रेड स्पॉफर्थने सामन्यात १४ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाने सात धावांनी सामना जिंकला. २ सप्टेंबरच्या ‘स्पोर्टिंग टाइम्स’मध्ये रेजिनल्ड शर्ली ब्रूक्स या पत्रकाराने निधनवार्तेच्या थाटात एक मजकूर छापला. इंग्लिश क्रिकेट वारलं आहे, मित्रपरिवार शोकाकुल आहे, देहाचं दहन होईल आणि राख ऑस्ट्रेलियाला नेली जाईल, असा त्याचा आशय.

इथे दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे हा विनोद इंग्रजाने इंग्रजांवर केलेला आहे. जिंकलेल्यांनी हरलेल्यांना चिडवलेलं नाही. हरलेल्याने स्वतःच्याच घरातल्या मयताची बातमी दिली आहे. ऑस्ट्रेलियाला तो विनोद आयता मिळाला.

दुसरी गोष्ट मराठी वाचकाच्या चटकन लक्षात येणार नाही, कारण आपल्याकडे दहन ही रोजची गोष्ट आहे. राख, अस्थी, कलश हे शब्द आपल्याला गंभीर करतात, त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. १८८२ च्या इंग्लंडमध्ये मात्र पुरण्याची चाल होती. दहन कायद्याला धरून आहे की नाही, हेसुद्धा १८८४ च्या एका खटल्यापर्यंत स्पष्ट झालेलं नव्हतं. ब्रूक्सचे वडील दहनाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या चळवळीच्या सुरुवातीच्या समर्थकांपैकी होते. म्हणजे ‘दहन होईल’ या शब्दांना त्या काळी वादाची फोडणी होती. प्रतिष्ठित इंग्लिश क्रिकेटला धड पुरलंही जाणार नाही, हा त्यातला चिमटा होता.

त्याच हिवाळ्यात आयव्हो ब्लाय इंग्लंडचा संघ घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला आणि राख परत आणायला आलो आहे, असं सांगू लागला. मेलबर्नजवळच्या सनबरी इथल्या रूपर्ट्सवूड या वाड्यावर पाहुणचार झाला, आणि तिथल्या बायकांनी त्याला जेमतेम अकरा सेंटिमीटर उंचीचा, मातीचा एक कलश भेट दिला. त्यात जळलेल्या बेलची राख आहे असं मानतात. त्या बायकांमध्ये फ्लॉरेन्स मॉर्फी नावाची संगीत शिकवणारी तरुणी होती. १८८४ मध्ये तिचं ब्लायशी लग्न झालं. लंडनमधल्या पत्रकाराने केलेला विनोद ऑस्ट्रेलियातल्या बायकांनी असा खरा करून दाखवला, आणि तो करताना पाहुण्यालाही त्यात सामील करून घेतलं. दोन्ही बाजूंनी मिळून पूर्ण केलेला विनोद, ही ॲशेसची मूळ घडण आहे.

*

पण म्हणून सगळं सुरुवातीपासून गोडीगुलाबीचं होतं असं मानायचं कारण नाही. ‘स्पोर्टिंग टाइम्स’च्या त्या मजकुराआधी तीन वर्षं, फेब्रुवारी १८७९ मध्ये, सिडनीला लॉर्ड हॅरिसच्या इंग्लिश संघाविरुद्ध दंगल झाली होती. न्यू साउथ वेल्सच्या बिली मर्डॉकला धावबाद दिलं म्हणून प्रेक्षक मैदानात घुसले, खुद्द हॅरिसला काठीचा फटका बसला. हा हॅरिस पुढे १८९० मध्ये मुंबई इलाख्याचा गव्हर्नर म्हणून आला. १९८८ साली तेंडुलकर आणि कांबळी यांनी ज्या शालेय स्पर्धेत ६६४ धावांची भागीदारी केली ती ‘हॅरिस शील्ड’ त्याच्याच नावाची. त्या दिवशी सामन्याचे दुसरे पंच होते एडमंड बार्टन, जे पुढे ऑस्ट्रेलियाचे पहिले पंतप्रधान झाले. एकाच मैदानावर साम्राज्याचा एक भावी गव्हर्नर आणि वसाहतीतून देश झालेल्या राष्ट्राचा एक भावी पंतप्रधान, आणि भोवती खवळलेले प्रेक्षक. नात्यातला ताण याहून वेगळा काढून दाखवायची गरज नाही.

मराठीत या प्रकारच्या भांडणाला फार नेमका शब्द आहे: भाऊबंदकी. परक्याशी वैर वेगळं आणि भावकीतलं भांडण वेगळं. भावकीत दोघांची भाषा एक असते, आजा-पणजा एक असतो, एकमेकांची गुपितं ठाऊक असतात. थोरल्याला आपण मूळ घरात राहतो याची घमेंड असते. धाकट्याला आपल्याला बाहेर काढलं याचा राग असतो, आणि थोरल्याने आपल्याला मान द्यावा ही इच्छाही असते. १७८८ पासून ब्रिटनने आपले कैदी ऑस्ट्रेलियात धाडले, ते १८६८ पर्यंत. इंग्लिश प्रेक्षकांच्या गाण्यांमध्ये ऑस्ट्रेलियन म्हणजे कैद्यांची अवलाद, हा टोमणा आजही हमखास येतो. ऑस्ट्रेलियन प्रेक्षकांचं उत्तर ‘पॉम’ या शब्दात असतं: किरकिरा, आंघोळीचा कंटाळा असलेला, उन्हात लाल पडणारा इंग्रज.

आता हा कैद्यांचा टोमणा समीक्षकाच्या नजरेने पाहिला तर त्यात आज काही धार उरलेली नाही. एके काळी ऑस्ट्रेलियन घरांमध्ये कैदी पूर्वज लपवले जात. आता वंशावळीत एखादा कैदी सापडला तर लोक कौतुकाने सांगतात. ज्याला चिडवायचं त्यानेच तो शब्द उचलून मिरवायला सुरुवात केली, की टोमणा नुसता विधी होऊन बसतो. विधीलाही अर्थ असतो, हे खरं. शिमग्याच्या बोंबांमध्ये नवीन काही नसतं, पण त्या मारल्याशिवाय होळी पुरी होत नाही. मात्र बोंब म्हणजे विनोद नव्हे, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

भाऊबंदकीचा विचार करताना आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. भावकीतलं भांडण शेवटी जमिनीवरून असतं, आणि ही जमीन मुळात दोघांचीही नव्हती. ऑस्ट्रेलियातून इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेला पहिला संघ १८६८ सालचा, आणि तो आदिवासी खेळाडूंचा होता. त्यांनी तिथे ४७ सामने खेळले. दोन भावांच्या या गमतीदार भांडणात, गाण्यांमध्ये, टोमण्यांमध्ये त्यांना जागा नाही. ‘मैत्रीपूर्ण चुरस’ म्हणताना ही मैत्री कोणाकोणांत आहे आणि कोण त्या घराबाहेर आहे, हे विचारात घ्यावं लागतं. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

*

स्टँडमधल्या टोमण्याला कलेच्या पातळीवर नेणारा माणूस म्हणून सिडनीच्या स्टीफन हॅरल्ड गॅस्कॉइनचं नाव घेतात. लोक त्याला ‘याबा’ म्हणत. बालमेन भागात ससे विकणारा हा फेरीवाला सिडनी क्रिकेट ग्राउंडच्या ‘हिल’वर, म्हणजे स्वस्त तिकिटाच्या गवताळ उतारावर बसे, आणि फेरीवाल्याच्या कमावलेल्या आवाजात मैदानातल्यांना ऐकू जाईल असे शेरे मारी. १९४२ साली तो वारला. हिल आता राहिलेली नाही, पण ती होती तिथल्या स्टँडमध्ये २००८ पासून याबाचा पुतळा आहे, प्रेक्षकांमध्ये बसलेला, तोंडाशी हात धरून ओरडणारा.

त्याच्या नावावर सांगितला जाणारा सगळ्यांत प्रसिद्ध शेरा १९३२-३३ च्या बॉडीलाइन मालिकेतला आहे. इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन तोंडावरच्या माश्या हाताने वारत होता. हिलवरून आवाज आला: ‘आमच्या माश्यांना हाकलू नकोस जार्डिन, इथे तेवढ्याच तुझ्या मित्र आहेत.’

हा शेरा चांगला का आहे? त्यात शिवी नाही. जार्डिनच्या जन्माचा, धर्माचा, आईबापाचा उल्लेख नाही. उलट माश्या ‘आमच्या’ आहेत असं म्हणून बोलणाऱ्याने आपल्या देशातली घाणसुद्धा पदरात घेतली आहे. म्हणजे पहिला चिमटा स्वतःला आहे, आणि मग दुसरा जार्डिनला. त्या वेळी ऑस्ट्रेलियन खेळाडूंच्या अंगावर चेंडू आदळत होते, त्या रागातून हे वाक्य निघालं आहे, हे लक्षात घेतलं तर त्यातला संयम जास्तच जाणवतो.

शिवाय टोमण्याची दिशा पाहा. जार्डिनचा जन्म मुंबईतल्या मलबार हिलचा, शिक्षण विंचेस्टर आणि ऑक्सफर्डचं. ऑक्सफर्डच्या दिवसांतली रंगीबेरंगी हार्लेक्विन टोपी घालून तो मैदानात उतरे, आणि ती टोपी बघूनच हिलवरचे लोक चिडत. समोर ससे विकणारा याबा. टोमणा खालून वर चालला आहे. ज्याच्या हातात सत्ता, संघ, टोपी आणि वेगवान गोलंदाज आहेत, त्याला स्वस्त तिकिटावर बसलेला माणूस चिडवतो आहे. एकच वाक्य खालून वर गेलं तर विनोद होतं आणि वरून खाली आलं तर दांडगाई. पुढची अनेक उदाहरणं या एका कसोटीवर उलगडतात.

त्याच मालिकेत ॲडलेडला मात्र विनोद संपला होता. बिल वुडफुलच्या छातीवर चेंडू बसला, बर्ट ओल्डफील्डची कवटी फुटली. मैदानाभोवती घोडेस्वार पोलिस ठेवावे लागले. ऑस्ट्रेलियन बोर्डाने इंग्लंडला पाठवलेल्या तारेत खिलाडूवृत्तीला सोडून खेळत असल्याचा आरोप केला, आणि प्रकरण दोन देशांच्या सरकारांपर्यंत गेलं. अशा वेळी ‘हे फक्त खेळ आहे’ असं म्हणण्यात काही अर्थ नव्हता.

पण बॉडीलाइनची गोष्ट इथे संपत नाही, आणि चुरशीच्या ‘मैत्रीपूर्ण’ असण्याचा खरा पुरावा तिच्या उत्तरार्धात आहे. ज्याने ते जीवघेणे चेंडू टाकले तो हॅरल्ड लारवूड नॉटिंगहॅमशायरचा खाणकामगार. मालिकेत त्याने ३३ बळी घेतले. सिडनीच्या शेवटच्या कसोटीत तो आधी फलंदाजीला आला आणि ९८ धावा करून बाद झाला, तेव्हा त्याच हिलने त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. पुढे मायदेशी त्याच्याकडून माफीची अपेक्षा करण्यात आली. कर्णधाराच्या हुकमाने केलेल्या कामाची माफी त्याने मागितली नाही, आणि तो पुन्हा कधी इंग्लंडकडून खेळला नाही. १९५० मध्ये बायको आणि पाच मुलींना घेऊन लारवूड ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला. तिथे त्याचं स्वागत झालं, आणि १९९५ मध्ये तो सिडनीतच वारला. हिलवरच्या लोकांना जार्डिन आणि लारवूड यांच्यातला फरक कळत होता. एक साहेब होता, दुसरा त्यांच्यासारखाच पोटासाठी राबणारा.

*

आता या वाङ्मयाच्या दुसऱ्या मोठ्या शाखेकडे येऊ: गाणी.

१९८९ ते २००२-०३ या काळात ऑस्ट्रेलियाने लागोपाठ आठ ॲशेस मालिका जिंकल्या. १९९४-९५ च्या दौऱ्यात इंग्लंड ३-१ असं हरलं, पण संघामागे फिरणारे तरुण इंग्लिश प्रेक्षक हरत असतानाही दिवसभर गात राहिले. ऑस्ट्रेलियन पत्रकारांनी त्यांना ‘बार्मी आर्मी’, म्हणजे खुळ्यांची फौज, असं नाव दिलं. प्रतिस्पर्ध्याने टर उडवण्यासाठी दिलेलं नाव त्यांनी टी-शर्टवर छापून घेतलं. १८८२ मध्ये ऑस्ट्रेलियनांनी जे राखेचं केलं, तेच इथे इंग्रजांनी केलं.

बार्मी आर्मीच्या सुरुवातीच्या गाण्यांचं मर्म हरण्यात आहे. धावफलकाने काहीच दिलं नाही म्हणून त्यांनी पौंडाचा भाव गायला सुरुवात केली: तुम्ही सामने जिंकता, पण आमच्या एका पौंडाला तुमचे दोन-तीन डॉलर येतात. यात घमेंड आहे, पण ती उघडउघड केविलवाणी आहे, आणि गाणाऱ्याला ते ठाऊक आहे. गाण्यात ते स्वतःच्या सुटलेल्या पोटाचीही चेष्टा करतात. या गाण्यांना तालमीत तयार झालेला बिली कूपर नावाचा ट्रम्पेटवादक पुढे साथ देऊ लागला. तो समोरच्यांना चिडवायला ऑस्ट्रेलियन टीव्ही मालिकांच्या धुना वाजवी. २००६ मध्ये ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानातून त्याला वाद्य वाजवल्याबद्दल बाहेर काढण्यात आलं.

मराठी वाचकाला यावरून कलगी-तुऱ्याची आठवण होणं साहजिक आहे. दोन फड, एक शक्तीचा, एक शिवाचा. एकाने कोडं घालायचं, दुसऱ्याने त्याच चालीत सोडवायचं आणि उलट कोडं घालायचं. तिथे सामना रंगण्याची अट एकच असते: समोरच्याला उत्तर देता आलं पाहिजे. उत्तर देण्याची सोय नसेल तर तो सवाल-जवाब राहत नाही. ॲशेसच्या स्टँडमधले सगळ्यांत चांगले प्रसंग याच जातीचे आहेत.

२००५ ची ओव्हल कसोटी घ्या. मालिकेत इंग्लंड २-१ ने पुढे होतं, सामना अनिर्णित राहिला तरी ॲशेस सोळा वर्षांनी परत मिळणार होत्या. त्यामुळे अंधूक प्रकाश आणि पाऊस हे इंग्लंडचे बारावे-तेरावे खेळाडू झाले. ढग दाटले की इंग्लिश प्रेक्षक पाऊस नसताना छत्र्या उघडून बसत, पंचांना भरीला घालायला. यावर ऑस्ट्रेलियन प्रेक्षकांनी शर्ट काढले आणि ऊन खात बसल्याचं सोंग आणलं. ऑस्ट्रेलियन खेळाडूही काळे चष्मे लावून मैदानात आले. एका बाजूने शब्दाविना सवाल टाकला, दुसऱ्या बाजूने शब्दाविना जवाब दिला, आणि दोघांनाही आपण खोटं बोलतो आहोत हे माहीत होतं. त्याच मालिकेत इंग्लिश प्रेक्षकांनी शेन वॉर्नला, जो एकहाती त्यांची दाणादाण उडवत होता, तू आमचा असतास तर बरं झालं असतं अशा अर्थाचं गाणं म्हटलं. मालिकेत ४० बळी घेणाऱ्या शत्रूची याहून चांगली दाद मला माहीत नाही.

गाणं नुसती करमणूक करतं असंही नाही. डावखुरा वेगवान गोलंदाज मिचेल जॉन्सनचे चेंडू कधी यष्टीच्या या बाजूला, कधी त्या बाजूला भरकटतात, यावर बार्मी आर्मीने एक गाणं रचलं. ते आपल्या डोक्यात शिरलं होतं, हे जॉन्सनने स्वतः नंतर कबूल केलं. २०१०-११ ची मालिका इंग्लंडने ऑस्ट्रेलियात ३-१ ने जिंकली. २०१३-१४ मध्ये तोच जॉन्सन मिशी वाढवून परत आला, त्याने ३७ बळी घेतले आणि इंग्लंड ५-० ने हरलं. हा जवाब गाण्यातला नव्हता, चेंडूतला होता, पण गाणाऱ्यांना तो नीट कळला.

त्याच २०१३-१४ च्या मालिकेत स्टुअर्ट ब्रॉडचाही प्रसंग आहे. आधीच्या उन्हाळ्यात ट्रेंट ब्रिजला बॅटची स्पष्ट कड लागूनही तो उभा राहिला आणि पंचांनी त्याला नाबाद दिलं. म्हणून ब्रिस्बेनच्या ‘कुरिअर मेल’ने त्याचं नाव छापायचंच नाही असं ठरवलं आणि बातम्यांमध्ये त्याचा उल्लेख ‘२७ वर्षांचा इंग्लिश मध्यमगती गोलंदाज’ असा केला. पहिल्या दिवशी पाच बळी घेऊन ब्रॉड पत्रकार परिषदेला आला तो बगलेत ‘कुरिअर मेल’ घेऊनच. २०१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रेक्षकांनी डेव्हिड वॉर्नरला केपटाउनच्या सँडपेपर प्रकरणावरून छळलं, तेव्हा सीमारेषेवर उभ्या वॉर्नरने दोन्ही खिसे उलटे करून रिकामे दाखवले आणि स्टँड हसू लागलं. टोमण्याचं ज्याला लक्ष्य केलं त्यालाच शेवटचा हशा मिळाला, आणि देणाऱ्यांनी तो दिला.

*

मग हे बिघडतं कधी?

२०१९ मध्येच लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला आणि तो जमिनीवर कोसळला. उपचारानंतर तो पुन्हा खेळायला आला तेव्हा काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. सँडपेपर प्रकरणावरून त्याला चिडवणं एक वेळ समजता येतं, कारण तिथे त्याने काही केलं होतं. मार बसलेल्या माणसाला चिडवताना टोमण्याला विषयच उरत नाही. त्या मालिकेत स्मिथने ७७४ धावा केल्या, आणि शेवटच्या डावात २३ वर बाद होऊन परतताना ओव्हलच्या प्रेक्षकांनी त्याला उभं राहून मानवंदना दिली. स्टँडने आपली चूक स्वतःच दुरुस्त केली, असं म्हणायला जागा आहे.

२०२३ च्या लॉर्ड्स कसोटीचं तसं म्हणता येत नाही. २ जुलैला जॉनी बेअरस्टोने चेंडू सोडला आणि षटक संपलं असं समजून तो क्रीजबाहेर चालू लागला. यष्टिरक्षक ॲलेक्स कॅरीने चेंडू फेकून यष्टी उडवल्या. नियमाने बेअरस्टो बाद होता, आणि ऑस्ट्रेलिया ४३ धावांनी जिंकलं. स्टँडमधून फसवणुकीचे नारे सुरू झाले. इथे इतिहासाची एक गंमत आहे. १८८२ च्या त्याच सामन्यात, जिथून राख निघाली, ऑस्ट्रेलियाचा तरुण सॅमी जोन्स धाव पूर्ण करून खेळपट्टी ठोकायला क्रीजबाहेर गेला तेव्हा इंग्लंडच्या डब्ल्यू. जी. ग्रेसने त्याला धावबाद केलं होतं. त्याचाच संताप स्पॉफर्थच्या गोलंदाजीत उतरला असं सांगतात. भावकीतल्या भांडणात दोघांनाही दुसऱ्याचं पाप तेवढं आठवतं.

पण स्टँडमधल्या नाऱ्यांवर माझा आक्षेप नाही. आक्षेप लाँग रूमवर आहे. उपाहाराला परतणारे ऑस्ट्रेलियन खेळाडू लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमधल्या त्या दालनातून जात असताना एमसीसीच्या सदस्यांनी, टाय लावलेल्या माणसांनी, त्यांना घेरून शिवीगाळ केली. उस्मान ख्वाजा थांबून त्यांच्याशी बोलू लागला, सुरक्षारक्षकांना मध्ये पडावं लागलं. नंतर एका सदस्याची हकालपट्टी झाली, दोघांना निलंबित करण्यात आलं. शब्द कदाचित तेच असतील जे स्टँडमध्ये चालले होते. पण स्टँडमधला माणूस दूरवरून ओरडतो, हजारोंच्या आवाजात मिसळून, आणि मैदानातला खेळाडू त्याला खिसे उलटे करून उत्तर देऊ शकतो. लाँग रूममध्ये खेळाडू पाहुणा असतो आणि सदस्य घरमालक. तिथे टोमण्याची दिशा वरून खाली असते, अंतर हातभर असतं, आणि उत्तर दिलं तर शिस्तभंग खेळाडूचा होतो. याबाने जार्डिनला जे केलं त्याच्या बरोबर उलटं हे चित्र आहे. आणि त्यांच्यासमोर थांबलेला खेळाडू इस्लामाबादेत जन्मलेला, ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळणारा पहिला मुसलमान होता, हेही विसरता येत नाही. त्याच्याशी जे घडलं त्याचं कारण तेच होतं असं मी म्हणत नाही. पण दोन भावांच्या सवयीच्या भांडणात आता असे लोक खेळत आहेत, जे त्या भावकीत जन्मलेले नाहीत. कैदी आणि पॉम यांच्या जुन्या विधीत त्यांच्यासाठी वाक्य लिहिलेलं नाही, आणि नवं वाक्य जे सुचतं ते बहुतेक वेळा विनोदी नसतं. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीला मोहम्मद सिराजने प्रेक्षकांच्या शेऱ्यांबद्दल तक्रार केली, खेळ थांबला, सहा जणांना बाहेर काढण्यात आलं. याबाच्या त्याच मैदानावर. ‘आमच्याकडे असं चालतं, ही थट्टाच आहे’ हे भावाला सांगता येतं. पाहुण्याला ते सांगणं म्हणजे त्याने आपल्या घरातले नियम न विचारता पाळावेत अशी अपेक्षा करणं आहे.

लॉर्ड्सच्या प्रकरणानंतर काही दिवसांतच व्हिल्नियसला नाटोची बैठक होती. तिथे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अल्बनीझी यांनी ब्रिटनचे पंतप्रधान सुनक यांच्यासमोर बेअरस्टोच्या यष्टिचीत होण्याचा फोटो धरला. सुनक यांनी उत्तर दिलं की आपण सँडपेपर आणायला विसरलो. यावर दोघेही हसले. राजकारण्यांच्या विनोदाचं फार कौतुक करू नये, पण इथे फड पुन्हा बरोबरीचा झाला होता. सवाल आला, जवाब गेला. आणि ते उत्तर देणारा माणूस पंजाबी वंशाचा इंग्रज होता, म्हणजे भावकीचा अर्थ कुठेतरी बदलतो आहे.

*

या चुरशीचा आता बाजारही झाला आहे. १९९५ पासून बार्मी आर्मी हे नोंदवलेलं नाव आहे, ते सहली काढतं, कपडे विकतं. विनोद विकायला ठेवला की तो वेळापत्रकाप्रमाणे करावा लागतो, आणि गाणी तीच तीच होतात. १९९९ मध्ये इंग्लंडमधल्या भारतीय प्रेक्षकांनी ‘भारत आर्मी’ काढली, तिचा ढोलताशा आता जगभर दिसतो. आपण त्यांच्याकडून फौज, झेंडे, टी-शर्ट घेतले. हरताना स्वतःवर गाणं रचायची कला मात्र अजून घेतलेली दिसत नाही. आपल्याकडे ती नाही असं नाही. जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईला पाकिस्तान १२ धावांनी जिंकल्यावर अख्खं मैदान उभं राहून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होतं. पण ते औदार्य होतं, विनोद नव्हता. औदार्य क्वचित घडतं, विनोदाची सवय लावून घेता येते.

तो मातीचा कलश आजही लॉर्ड्सच्या संग्रहालयात आहे. १९२७ मध्ये ब्लायच्या मृत्यूनंतर तो एमसीसीकडे आला. ऑस्ट्रेलियाने कितीही मालिका जिंकल्या तरी तो इंग्लंडमध्येच राहतो. १९९८-९९ पासून विजेत्याला काचेची प्रतिकृती दिली जाते, आणि मूळ कलश ऑस्ट्रेलियात गेला तो मोजक्याच वेळा, तेही काही काळ दाखवण्यापुरता. ‘स्पोर्टिंग टाइम्स’मध्ये तर राख ऑस्ट्रेलियाला नेली जाईल असं लिहिलं होतं. थोरल्याने स्वतःच्या मयताची राख धाकट्याला द्यायचं कबूल केलं, आणि ती अजून स्वतःच्याच कपाटात ठेवली आहे. ऑस्ट्रेलियन प्रेक्षक दर मालिकेला याची आठवण करून देतात. त्यावर इंग्लिश प्रेक्षकांना अजून चांगलं उत्तर सुचलेलं नाही.